अन्य वारस नाही

माझा धंदा सांगितला की लोकांना वाटतं मी थट्टा करतोय. मी माणसं ओळखतो. नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात, चार नंबरच्या खिडकीबाहेर, एका लाकडी बाकावर अठरा वर्षं बसलो आहे. दस्त करायला आलेला माणूस तोच आहे, तोतया नाही, असं सांगणारा कुणीतरी साक्षीला लागतो. ज्याच्याबरोबर असा कुणी नसतो, त्याच्यासाठी मी. छातीवर कार्यालयाने दिलेला बिल्ला, बिल्ल्यावर नंबर आणि खाली हुद्दा : ओळखदार. समोरच्याचं ओळखपत्र बघायचं, मग तोंड बघायचं, पुन्हा ओळखपत्र बघायचं, आणि ‘यांना मी व्यक्तिशः ओळखतो’ या छापील ओळीखाली सही ठोकायची. पाच मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलेल्या माणसाला मी कागदावर बारा-बारा वर्षं ओळखत असतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. आत बसलेल्या साहेबांनाही.

कागदात काय लिहिलंय ते आम्ही वाचत नाही. तसा नियम नाही; नियम उलटा आहे, सहीच्या वर ‘मजकूर वाचला’ असं छापलेलंही असतं. पण वाचायचं कुणी? टायपिस्टला वाटतं वकिलाने वाचलं असेल, वकिलाला वाटतं साहेब वाचतील, साहेब माझी सही बघतात आणि शिक्का मारतात. मी तोंड वाचतो. खोटं ओळखपत्र घेऊन आलेला माणूस मी दारातून आत येतानाच पकडतो, त्याची मान सांगते. या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही, आणि त्याचा मला गर्व होता. नव्या ओळखदारांना मी शिकवायचो, की बाबांनो, कागद वाचत बसलात तर दिवसाला चार दस्त होतील आणि संध्याकाळी लोक तुम्हाला बाकासकट उचलून बाहेर टाकतील. सगळे हसायचे. मीही हसायचो.

आता घरचं सांगतो. आम्ही तिघं. सगळ्यांत मोठी ताई, मग मी, मग धाकटा. आई लवकर गेली, तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ताई तेरा. माझं नाव मला पाटीवर लिहायला शिकवलं ते तिने; माझा हात आपल्या हातात धरून. ती पुढे शाळेत गणित शिकवायला लागली आणि निवृत्तीनंतर अजून शिकवण्या घेते. धाकट्याचं टायरचं दुकान आहे. तो वाईट नाही, पण त्याला स्वतःचं मत नाही. जो शेवटचा बोलेल त्याचं खरं.

वडिलांची रोपवाटिका होती, शहराबाहेरच्या वळणावर, तीन एकर. पत्र्याची एक शेड, पाण्याचा हौद, आणि रांगेने लिंबाची, डाळिंबाची, गुलाबाची कलमं. शेवटची दहा वर्षं ते तिथेच राहिले. मृत्युपत्र करा, असं मी त्यांना चारदा सांगितलं. उभा जन्म दस्तांच्या दारात काढलेला माणूस मी, मी नाही सांगणार तर कोण? तर म्हणायचे, “तुम्ही भांडणार असाल तर आत्ताच भांडा, मी बघायला आहे तोवर. मी गेल्यावर भांडलात तर माझा तमाशा चुकेल.” असं हसण्यावारी नेऊन ते एका दुपारी शेडमधल्या खाटेवर झोपले ते उठलेच नाहीत.

मृत्युपत्र नाही म्हणजे तिघांना सारखा वाटा, आणि तिघांच्या सह्यांशिवाय त्या जमिनीतला दगडही विकता येत नाही. हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. म्हणून मी निर्धास्त होतो. वडील गेल्यावर वर्षभरात त्या वळणावरून मोठा रस्ता गेला, आणि एका गोदामवाल्याचा माणूस धाकट्याच्या दुकानी चकरा मारू लागला. धाकटा म्हणाला विकू. ताई म्हणाली विकायला हवं. मी म्हणालो, माझी सही मिळणार नाही. मला तिथे राहायचं होतं. दर रविवारी जाऊन मी कलमांना पाणी घालत होतो, शेडचे दोन पत्रे बदलले होते, आणि चार वर्षांनी बिल्ला परत केला की त्या शेडला खिडकी काढून राहायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. उभ्या आयुष्यात मी स्वतःसाठी एवढी एकच गोष्ट मागितली. दोघं महिनाभर मागे लागले आणि मग गप्प झाले. मला वाटलं, समजले.

एका रविवारी गेलो तर हौदाजवळ एक माणूस जमिनीत खुंट्या ठोकत होता. त्याच्या हातात फीत होती आणि काखेत फाइल. लिंबाच्या दोन रांगांमधून त्याने चुन्याची रेघ मारली होती.

“कोण तुम्ही?” मी ओरडलो.

“मोजणीदार. तुम्ही कोण?”

“मालक!”

त्याने शांतपणे फाइल उघडली, बोटाने ओळ शोधली आणि म्हणाला, “मालक दोघं आहेत. एक बाई आणि एक पुरुष. पुरुष मी पाहिलाय, तो तुम्ही नाही.”

मी फाइल हिसकावली. आत वारस दाखल्याची प्रत होती. मयताला दोन वारस, एक कन्या आणि एक पुत्र, म्हणजे ताई आणि धाकटा. दाखल्याला जोडलेलं प्रतिज्ञापत्र होतं आणि त्याच्या तळाशी ओळखदाराचं निवेदन : ‘या कुटुंबास मी बारा वर्षांहून अधिक काळ व्यक्तिशः ओळखतो. वरील दोघांव्यतिरिक्त मयतास अन्य वारस नाही. मजकूर वाचून सही केली.’

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “कोण हरामखोर आहे हा ओळखदार?” मी म्हणालो. “उद्या याचा बिल्ला काढून घेतो की नाही बघा!” आणि खालचा नंबर वाचला. नंबर माझा होता. वरची सहीही माझी होती, ताईने शिकवलेली, शेवटचं अक्षर खाली ओढलेली. मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, ओल्या मातीत मटकन खाली बसलो. मोजणीदाराने बिचाऱ्याने पाणी आणून दिलं.

मग आठवलं. तीन महिन्यांपूर्वीचा सोमवार, दुपारी बाराची वेळ, व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. ताई आणि धाकटा आले. ताईने माझ्यासाठी डबा आणला होता. धाकटा म्हणाला, “दादा, मोटरीचं वीज कनेक्शन अजून बाबांच्याच नावावर आहे. कापायची नोटीस आलीय. आम्ही दोघं आमच्या नावावर करून घेतो, तू कुठे हेलपाटे घालतोस?” मला बरंच वाटलं. कुणीतरी आपले हेलपाटे वाचवतंय म्हणजे काय वाईट? माझ्यापुढे अकरा माणसं रांगेत होती. मी दोघांकडे बघून म्हणालो, “ओळखपत्रं काढा बघू, मी ओळखत नाही तुम्हाला!” धाकटा मोठ्याने हसला, जरा जास्तच मोठ्याने. मी सगळ्या जगाची तोंडं वाचतो, पण त्या दिवशी त्याचं तोंड वाचायचं माझ्या डोक्यात आलं नाही. घरच्या माणसाचं तोंड कुणी वाचतं का? ताई बाकावर माझ्या शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत होती. दोन ठिकाणी सह्या केल्या आणि पुढच्याला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो तो थेट टायपिस्टबाईंच्या टेबलाशी. त्यांचं टेबल माझ्या बाकापासून चार पावलांवर. चहा आम्ही रोज एकत्र घेतो. ते प्रतिज्ञापत्र त्यांच्याच मशीनवर झालं होतं.

“तुम्ही टाइप केलंत हे?”

“केलं की.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

त्या गोंधळल्या. “काय सांगायचं? तुमची सही झालेली मी पाहिली. मला वाटलं, तुम्ही मोठ्या मनाने सोडलंत. घरी जाऊन यांना सांगितलं मी, की लोक वीतभर जमिनीसाठी डोकी फोडतात आणि हा माणूस बघा. स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव काढलं आणि वर कुणाला बोललाही नाही.” त्यांचे डोळे भरून आले होते. “तुम्ही वाचलं नव्हतं?”

मी बाकावर येऊन बसलो. त्या दिवशी मी सत्तावीस सह्या केल्या. तेव्हाही वाचलं नाही. सवय अशी जात नाही.

संध्याकाळी ताईकडे गेलो. वाटेत मी स्वतःला समजावत होतो की हे सगळं धाकट्याचं काम, त्या गोदामवाल्याने त्याचे कान भरले, ताईलाही त्याने फसवलं असेल. ती जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होती. मी प्रत तिच्यापुढे ठेवली.

“ताई, हे तू वाचलं होतंस?”

“मी प्रत्येक कागद वाचते,” ती म्हणाली आणि लाल पेनाला टोपण लावलं. “बस.”

“मी उभाच ठीक आहे. धाकट्याने तुला काय सांगितलं होतं?”

“त्याने मला कशाला सांगायला हवं? त्याला तर धीरच होत नव्हता. म्हणाला, दादा वाचेल, बोंब होईल. मी म्हटलं, नाही वाचणार.”

“तुला काय माहीत?”

“तूच सांगितलंस. इथे, या टेबलावर बसून. वाचत बसलो तर दिवसाला चार दस्त होतील म्हणालास आणि पोट धरून हसलास. मी तेव्हा हसले नव्हते, तुझं लक्ष नव्हतं.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी अठरा वर्षं दुसऱ्यांच्या घरात घडताना बघत आलो होतो. व्हरांड्यात भाऊ भावाच्या अंगावर धावून जायचे तेव्हा मी मनात म्हणायचो, आमच्याकडे असं व्हायचं नाही. आमची ताई आहे ना. मी भांडायला आलो होतो आणि मला रडू फुटलं.

“माझा वाटा खायचा होता तर मागायचास, ताई. मी दिला असता.”

“तुझा वाटा मी खाणार नाही. विकलं की तुझं तुला मिळेल, आण घेऊन सांगते. मला तुझं काही नकोय.” तिचा आवाज वर्गात असतो तसा सरळ होता. “पण तू नुसता अडून बसला होतास. धड पिकवत नव्हतास, धड विकू देत नव्हतास. मी पासष्टाव्या वर्षी तीन जिने चढते. माझे गुडघे तू पाहिलेस कधी? रविवारी लिंबांना पाणी घालायला जातोस, इथे वर आलास कधी माझं पाणी भरायला?”

“मला विचारायचं तरी होतंस.”

“विचारलं होतं,” ताई म्हणाली. “तू नाही म्हणालास.”

मी जिना उतरलो. तो खरोखर उंच होता आणि दिवा नव्हता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पण म्हणून माझा राग तसूभरही कमी झाला नाही.

मी वकील केला. म्हणजे वकीलबाई, वयाने मला मुलीसारख्या, तोंडाने फटकळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“हे बघा काका, माणूस मृत्युपत्र न करता गेला की त्याचे वारस त्याच क्षणी ठरतात. कागद वारस जन्माला घालत नाही आणि मारतही नाही. तुम्ही मुलगा आहात, जन्माचा दाखला आहे, शाळेचा दाखला आहे. इथवर ठीक. पण त्यांचा वकील पहिल्याच तारखेला उठून म्हणणार, की या माणसाला दावा लावायचाच अधिकार नाही. यानेच लिहून दिलंय की अन्य वारस नाही. म्हणजे याने आपला हक्क जाणूनबुजून सोडला आणि त्या भरवशावर आम्ही पुढचा व्यवहार केला. आता याला उलटता येणार नाही. कोर्ट आधी तेवढंच बघेल. तुम्हाला दारातून आत घ्यायचं की नाही. जमिनीचं नंतर.”

“सही माझी नाही म्हटलं तर?”

“तुमच्या अठरा वर्षांच्या सह्या शेजारी ठेवतील आणि खोट्या शपथेबद्दल तुम्हीच आत जाल.”

“मग काय म्हणायचं?”

“खरं. वाचलं नाही म्हणायचं. न वाचता दिलेला शब्द म्हणजे हक्क सोडणं नव्हे. पण,” त्यांनी माझ्या छातीकडे बघितलं, “तो बिल्ला जाईल. चौकशी लागेल. आणि हे सगळं भर कोर्टात, तुमच्या साहेबांसमोर बोलावं लागेल. नोंदवही घेऊन त्यांना बोलावणार आहेत ते.”

बिल्ला गेला तर रोजची भाकरी गेली, हे एक. पण खरं सांगायचं तर मला भाकरीपेक्षा दुसरंच टोचत होतं. त्या व्हरांड्यात मला मान होता. लोक दुरून विचारत यायचे, ते जुने ओळखदार कुठे बसतात, त्यांचीच सही हवी. घरच्यांनी जमिनीवरून उठवलं, आता त्या जमिनीसाठी मी स्वतःच स्वतःला बाकावरून उठवायचं, असा तो मामला होता. इकडे आड तिकडे विहीर. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग ठरवलं, की आधी ताई काय बोलते ते ऐकू. शपथेवर ती खोटं बोलणार नाही, असं मला अजूनही वाटत होतं.

कोर्टाची खोली लहान होती, उंच खिडक्या आणि एक कुरकुरणारा पंखा. माझे साहेब नोंदवही मांडीवर घेऊन भिंतीशी बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी आपुलकीने मान हलवली. धाकटा बुटांकडे बघत होता. त्यांच्या वकिलाने ताईला बोलावलं. ती गुडघ्यावर हात ठेवून पिंजऱ्याची पायरी चढली, शपथ घेतली, चष्मा सारखा केला.

“हे वादी तुमचे कोण?”

“माझा भाऊ. पाठचा.”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. निदान तेवढं तरी ती नाकारणार नव्हती.

“माणूस कसा आहे?”

“फार सज्जन,” ताई म्हणाली. “अतिशय काटेकोर. लहानपणापासून तसाच. वाचल्याशिवाय तो एका अक्षराखाली सही करत नाही. कार्यालयात कुणालाही विचारा.”

साहेब भिंतीशी बसल्या बसल्या मान डोलवत होते.

“त्या दिवशी काय झालं?”

“मी त्याच्या शेजारी बसले होते. त्याने कागद वाचला. दोनदा वाचला. मी म्हटलं, अरे, नीट विचार कर. तर म्हणाला, ताई, मला नको, तुम्ही दोघं सांभाळा.” तिने रुमालाने डोळे टिपले. “मी त्याला लहानाचा मोठा केलाय. त्याच्या मनात काय असतं ते मला कळतं. आता कुणीतरी त्याला भरीला घातलंय.”

अठ्ठावन्न वर्षांत ताईने माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. पहिला नंबर आला तेव्हासुद्धा ‘अक्षर सुधार’ म्हणाली होती. आणि आज भरल्या कोर्टात, शपथेवर, तिने माझ्यावर फुलं उधळली. न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे जरा आदराने बघितलं. त्यातला एकेक शब्द मला गाडायला काढलेला होता, आणि तो खोटा म्हणायचा तर मला ओरडून सांगायला हवं होतं की मी सज्जन नाही, काटेकोर नाही, मी भिकार ओळखदार आहे. कुठून आणलं हिने हे डोकं? तिने पक्का हिशेब केला होता, की हा स्वतःच्या तोंडाने स्वतःचं नाव घालवणार नाही. तिने मला ओळखलं होतं. तेवढं एक गणित तिचं चुकलं.

वकीलबाईंनी मला उभं केलं. “तो कागद तुम्ही वाचला होता?”

“नाही.”

त्यांचा वकील उडीच मारून उठला. “सहीच्या वर छापलंय, वाचून सही केली. म्हणजे तुम्ही खोटं लिहून दिलंत?”

“होय.”

“एरवी वाचता आणि नेमका हाच वाचला नाहीत?”

मी ताईकडे बघितलं. तिने नजर हलवली नाही. “एरवीही वाचत नाही,” मी म्हणालो. “अठरा वर्षांत एकही कागद वाचला नाही. तोंड बघतो आणि सही करतो.”

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना? किती कागदांवर?”

“दिवसाला पंचवीस-तीस. सगळ्यांवर.”

साहेबांनी मांडीवरची नोंदवही मिटली आणि ते खिडकीकडे बघू लागले. त्यांचा शिक्काही त्याच कागदांवर होता.

दुपारनंतर हुकूम झाला. वादी मयताचा मुलगा आहे याबद्दल वाद नाही. वारस म्हणून त्याचा हक्क मृत्यूच्या क्षणीच आला. न वाचता केलेल्या सहीने तो गेला असं या टप्प्यावर धरता येत नाही. त्याला दावा लावायचा अधिकार आहे. निकालापर्यंत जमीन विकू नये. आणि शेवटी, वादीच्या जबाबाची प्रत त्याच्या कार्यालयाकडे पाठवावी. वकीलबाईंनी माझा हात दाबला. साहेबांनी दारातच हात पुढे केला, मी बिल्ला काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला.

ताई धाकट्याच्या आधाराने बाहेर आली. माझ्यापाशी थांबली. “मी तुझं नाव राखत होते,” ती म्हणाली. “तूच घालवलंस.” मला तिच्या अंगावर ओरडायचं होतं, आणि तिचा हात धरून पायऱ्या उतरवायच्या होत्या. दोन्ही केलं नाही. ती एकेक पायरी उतरत गेली आणि मी बघत राहिलो. मी जिंकलो होतो, आणि माझं म्हणावं असं कुणी त्या इमारतीत उरलं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर बसलो. शेजारी एक बाई येऊन बसली, चाळिशीची, हातात कापडी पिशवी. ती कोर्टात मागच्या रांगेत होती. तिची तारीख आमच्यानंतरची असावी. तिने पिशवीतून एक कागद काढला, चारदा घडी घातलेला, घड्यांवर फाटत आलेला.

“ही सही तुमची?”

बघितली. माझीच. पाच वर्षांपूर्वीची.

“होय.”

“यात लिहिलंय तुम्ही आमच्या घरच्यांना बारा वर्षं ओळखता. माझ्या वडिलांना दोन मुलगे, अन्य वारस नाही.” ती रागाने बोलत नव्हती, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. “मी भावांना विचारलं, तर म्हणाले, त्या ओळखदाराकडे जा आणि त्याला खोटं ठरव. इतका सज्जन माणूस आहे, वाचल्याशिवाय सही करत नाही. मी एकदा आलेही होते तुमच्या व्हरांड्यात. तुम्हाला लांबून बघितलं. लोक तुम्हाला नमस्कार करत होते. मग परत गेले. म्हटलं, एवढ्या माणसाने लिहिलंय म्हणजे कायद्यात काहीतरी असेल, मीच चुकत असेन. पाच वर्षं गप्प बसले.”

माझ्या ताईने मला काय केलं ते मी या बाईला सांगितलं असतं तर तिला ते नवं वाटलं नसतं. चुकलो म्हणालो. ती म्हणाली, “ते असू दे. आत जे बोललात ते माझ्यासाठी लिहून द्याल का? आज माझी तारीख आहे.”

वकीलबाईंकडून कोरा कागद घेतला, त्यांना साक्षीला बसवलं, आणि मांडीवर फाइल ठेवून लिहायला लागलो. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी एखाद्या मजकुरातला शब्द न् शब्द बघून लिहीत होतो. की सदर प्रतिज्ञापत्रावर मी न वाचता सही केली, की या कुटुंबाला मी ओळखत नव्हतो, की मयतास दोन मुलगे आणि एक मुलगी आहे आणि मुलीला वगळण्यात आलं. पुन्हा वाचलं, एक शब्द खोडला, सही केली, तारीख घातली. बरं वाटलं. छातीवरचं ओझं थोडं उतरलं असं वाटलं. कागद तिच्या हातात दिला.

तिने तो ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला. तळापर्यंत गेली, परत वर आली, पुन्हा खाली गेली. मग माझ्याकडे बघितलं.

“यात माझं नाव कुठंय?”

मी तिला ते विचारलंच नव्हतं.